दुसऱ्याच्या कोडात आपले बदल: पॅच सांभाळायचे कसे

एखादं मुक्त सॉफ्टवेअर तुम्ही वापरायला घेता. जवळजवळ सगळं काम ते नीट करतं, फक्त एका जागी अडतं. कोड समोर उघडाच असतो. तुम्ही ती फाइल काढता, दोन ओळी बदलता आणि काम भागतं. सहा महिन्यांनी मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती येते. तिच्यात सुरक्षेची एक महत्त्वाची दुरुस्ती असते. ती घ्यायला बसलं की पहिला प्रश्न समोर येतो: आपण नेमकं काय बदललं होतं?

माझ्या ताब्यात एकदा अशी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड, आली. मूळ कोड आणि आधीच्या लोकांनी केलेले बदल एकाच फोल्डरमध्ये कालवलेले होते आणि बदल करणारी माणसं केव्हाच दुसरीकडे गेली होती. फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा होता, पण त्यावर विसंबता येत नव्हतं, कारण मध्येच कुणीतरी चार फाइली पुढच्या आवृत्तीतून उचलून आणल्या होत्या. शेवटी मूळ प्रकल्पाच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून उतरवल्या, प्रत्येकीशी आमच्या फोल्डरची तुलना केली आणि जिच्याशी सगळ्यात कमी फरक निघाला तीच आपली मूळ आवृत्ती असं धरलं. मग उरलेला एकेक फरक हातात घेऊन विचारत बसलो, हे मुद्दाम केलंय की चुकून राहिलंय? नवी आवृत्ती बसवायला दोन दिवस लागले. त्याआधीच्या या शोधात तीन आठवडे गेले.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलोय. आपला बदल मूळ कोडात विरघळू द्यायचा नाही. तो कधीही बाजूला उचलून दाखवता आला पाहिजे: हा आमचा बदल, हे त्याचं कारण. व्हर्जन कंट्रोल (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हे करून देतं, पण आपोआप नाही. गिट हे असं साधन वापरूनही बदल विरघळवून टाकता येतात, आणि बरेच जण तेच करून बसतात.

ठिगळ म्हणजे काय

आधी दोन शब्द. मूळ प्रकल्पाला अपस्ट्रीम म्हणतात, म्हणजे नदीचं वरचं अंग. कोड तिकडून वाहत आपल्याकडे येतो. आपण खालच्या अंगाला, डाउनस्ट्रीम. आणि आपण केलेल्या एका बदलाची सुटी नोंद म्हणजे पॅच, ठिगळ.

पॅच ही कल्पना गिटपेक्षा बरीच जुनी आहे. दोन फाइलींमधला फरक ओळींच्या हिशेबात सांगणारा डिफ हा प्रोग्राम 1970 च्या दशकात युनिक्सबरोबर आला. तो फरक वाचून दुसऱ्याच्या फाइलीवर तसाच्या तसा चढवणारा पॅच हा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी 1985 मध्ये लिहिला. पुढे पर्ल ही भाषा करणारे तेच. या जोडीमुळे अख्खा प्रोग्राम न पाठवता फक्त बदल पाठवता येऊ लागला. 1995 मध्ये काही वेबमास्टर असेच एकत्र आले. एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राच्या वेब सर्व्हरचं काम थंडावलं होतं आणि प्रत्येकाकडे आपापली ठिगळं साठली होती. ती त्यांनी ईमेलवरून गोळा करून एकत्र बसवली, आणि त्यातून अपाची वेब सर्व्हर उभा राहिला.

पॅच जवळून पाहिला तर असा दिसतो. कोडाच्या जागी मी मराठी लिहितोय, बांधणी खरीच आहे:

 फाइल उघडा
 आकार मोजा
+जर आकार मोठा असेल तर कमाल_प्रतीक्षा = 90
 सर्व्हरशी जोडणी करा
 फाइल पाठवा

अधिक चिन्हाची ओळ आपण घातलेली. एखादी ओळ काढली असती तर तिच्यापुढे वजा चिन्ह आलं असतं. चिन्ह नसलेल्या ओळी आपल्या नाहीत. बदल कुठे बसवायचा हे ओळखण्यासाठी त्या सोबत घेतलेल्या आहेत. सहसा वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी घेतात. इथे जागेसाठी दोन-दोनच दाखवल्यात. फाइलीत वर कुणी पन्नास ओळी घातल्या तरी या शेजारच्या ओळी शोधून पॅच बरोबर जागी बसतो. शेजारच बदलला असेल तर जुना पॅच प्रोग्राम थोडं इकडेतिकडे चालवून घेतो, आणि तरीही जमलं नाही तर नाकारलेला तुकडा वेगळ्या फाइलीत ठेवून देतो. तो मग आपण हाताने बसवायचा.

चळत

गिट 2005 च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहायला घेतलं. गिटमधली प्रत्येक कमिट ही त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींची नोंद असते, पण आधीच्या कमिटशी तिची तुलना केली की हातात पॅचच येतो. म्हणून आपल्या प्रत्येक बदलाची एक कमिट केली, की पॅचची एक चळत तयार होते. तळाला अपस्ट्रीमची आवृत्ती, हात न लावलेली. तिच्यावर नाण्यांसारखे एकावर एक ठेवलेले आपले बदल.

सगळी व्यवस्था इथून सुरू होते. अपस्ट्रीमच्या ब्रांचवर, म्हणजे त्यांच्या कमिटच्या शाखेवर, आपण कधीही कमिट करायची नाही, ती फक्त तिकडून येणारं घेईल. आपले बदल वेगळ्या ब्रांचवर, अपस्ट्रीमच्या एखाद्या ठरावीक टॅगपासून, म्हणजे आवृत्तीला लावलेल्या नावापासून, सुरू होणारे. मग गिट लॉग या इतिहास दाखवणाऱ्या आज्ञेला मूळ टॅगचं नाव, दोन टिंबं आणि आपल्या ब्रांचचं नाव दिलं, की आपलं जे जे आहे तेवढंच समोर येतं. तीन आठवडे मी ज्याचं उत्तर शोधत होतो ते इथे एका ओळीत मिळतं.

एक बदल, एक कमिट हे मात्र कसोशीने पाळायला हवं. जोडणीची प्रतीक्षा वाढवली, जाता जाता एका फंक्शनचं नाव सुधारलं, एका फाइलीतली मोकळी जागा नीट केली, आणि हे सगळं एकाच कमिटमध्ये घातलं, तर पुढे त्यातला एक बदल अपस्ट्रीमने स्वीकारल्यावर बाकीचे दोन त्याच्यापासून सोडवत बसावं लागतं. शिवाय दुसऱ्याच्या कोडातली मोकळी जागा नीट करायचीच नाही. त्यातून मिळत काही नाही, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत त्याच ओळींवर भांडण होतं.

नवी आवृत्ती आली

आता खरी परीक्षा. अपस्ट्रीमची 3.2 आली, आपली चळत 3.1 वर उभी आहे. इथून दोन वाटा फुटतात.

पहिली मर्जची. अपस्ट्रीमची नवी आवृत्ती आपल्या ब्रांचमध्ये मिसळायची. ही सोपी वाटते आणि पहिल्या खेपेला सोपी असतेही. अडचण पाचव्या खेपेला कळते. मर्ज करताना जिथे दोघांनी एकच जागा बदलली होती तिथला तोडगा मर्ज कमिटच्या पोटात जातो. आपला मूळ पॅच इतिहासात तसाच असतो, पण तो 3.1 च्या काळातल्या कोडावरचा. आजच्या कोडात तो ज्या रूपात आहे ते रूप कुठल्याच एका कमिटमध्ये सापडत नाही. थोडं मूळ कमिटमध्ये, थोडं दुसऱ्या मर्जमध्ये, थोडं चौथ्या. अपस्ट्रीम आणि आपण यांच्यातला एकूण फरक केव्हाही काढता येतो, पण तो एक सलग गोळा असतो. त्यातला कुठला भाग कुठल्या कारणासाठी, हे सांगणारं काही उरत नाही. बदल विरघळले ते असे, आणि तेही गिट वापरत असताना.

दुसरी वाट रिबेसची. चळत अख्खी उचलायची आणि 3.2 वर एकेक नाणं पुन्हा ठेवायचं. गिट रिबेसला ऑन्टो हा पर्याय देऊन सांगता येतं: 3.1 च्या नंतरचं आपलं जे काही आहे ते उचल आणि 3.2 वर ठेव. गिट पहिली कमिट चढवून पाहतं, बसली तर दुसरी. एखादी अडली की थांबतं, आपल्याकडून सोडवून घेतं आणि पुढे जातं. काम संपलं की चळत पुन्हा स्वच्छ, प्रत्येक पॅच आजच्या कोडाला साजेसा. यात आणखी एक फायदा आहे. आपला एखादा पॅच अपस्ट्रीमने तसाच्या तसा घेतला असेल, तर फरकाचा मजकूर जुळतो हे गिट ओळखतं आणि तो पॅच आपणहून गाळून टाकतं. त्यांनी घेताना थोडा बदलला असेल तर मात्र ही जुळणी होत नाही; मग बहुधा कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे दोघांचे बदल एकाच जागी भिडतात, आणि तो पॅच आपण हाताने काढून टाकायचा असतो.

रिबेसवर एक रास्त आक्षेप आहे: तो इतिहास नव्याने लिहितो. ज्या ब्रांचवर चार जण काम करतायत ती अशी बदलली की इतरांच्या प्रती बिनसतात. माझा तोडगा साधा आहे. प्रत्येक आवृत्तीसाठी नवी ब्रांच. 3.1 वरची चळत तिच्या ब्रांचवर तशीच राहू द्यायची, तिची प्रत काढून ती 3.2 वर चढवायची. जुनी कधीच मोडत नाही, आणि दोन महिन्यांनी 3.1 वापरणाऱ्या कुणाला दुरुस्ती हवी झाली तर तीही देता येते. गिट फॉर विंडोज हा प्रकल्प स्वतः गिटवरच्या पॅचच्या मोठ्या साठ्यावर उभा आहे. तिथे मर्ज आणि रिबेस यांची सांगड घातलेली पद्धत वापरतात. पॅच नव्याने चढवले जातात आणि जुना इतिहासही जोडलेला राहतो. लहान चमूला एवढं लागत नाही.

आणि मोठ्या उड्या मारू नका. 3.1 वरून थेट 3.9 वर जाण्यापेक्षा मधल्या प्रत्येक आवृत्तीवर चळत टेकवत गेलं तर प्रत्येक टप्प्यावरचे कॉन्फ्लिक्ट थोडे आणि समजणारे असतात. आवृत्त्या साठत गेल्या की हे काम आणखी जड होतं, आणि जड झालं की माणसं ते पुढे ढकलतात.

कॉन्फ्लिक्ट आला की

कॉन्फ्लिक्टला लोक उगाच घाबरतात. गिट एवढंच म्हणत असतं की ही जागा तुम्हीही बदललीत, त्यांनीही बदलली, कुणाचं ठेवू? अडचण ही की गिट सुरुवातीला फक्त दोन बाजू दाखवतं, तुमची आणि त्यांची. पण निवाडा करायचा तर आधी काय होतं तेही दिसायला हवं. कॉन्फ्लिक्टची शैली डिफथ्री अशी ठेवली की दोघांच्या मधोमध मूळ मजकूरही दिसतो. मग प्रश्न सोपा होतो: मुळात काय होतं, त्यांनी त्याचं काय केलं, आणि आपल्याला त्यात काय हवं होतं? ही सेटिंग पहिल्याच दिवशी करून टाका.

तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा सोडवावा लागत असेल तर गिट रिरेरे हे सोडवलेलं उत्तर लक्षात ठेवतं आणि पुढच्या खेपेला स्वतः लावतं. आणि रिबेस झाल्यावर गिट रेंज-डिफ जरूर चालवा. हे 2018 मध्ये गिटच्या 2.19 आवृत्तीत आलं. ते जुनी चळत आणि नवी चळत शेजारी ठेवून कुठला पॅच तसाच राहिला, कुठल्यात फरक पडला आणि कुठला गळाला ते दाखवतं. कॉन्फ्लिक्ट सोडवताना हातून एखादी ओळ निसटली असेल तर ती इथे पकडली जाते.

पण जास्त भीती कॉन्फ्लिक्ट न येता मोडणाऱ्या पॅचची बाळगायला हवी. वर दाखवलेला पॅच घ्या. मूळ कोडात वरती कुठेतरी कमाल प्रतीक्षा 30 ठेवलेली आहे, सेकंदांत. मोठ्या फाइलींसाठी आपण ती 90 केली. पुढच्या आवृत्तीत अपस्ट्रीमने हिशेब मिलिसेकंदांत नेला आणि वरचा आकडा 30000 केला. त्यांची ओळ वेगळ्या जागी, आपली वेगळ्या जागी. शेजारच्या ओळी जुळतात, पॅच बिनतक्रार बसतो, बिल्ड होते, म्हणजे कोडापासून प्रोग्राम तयार होतो. आणि आता मोठ्या फाइलीसाठी प्रोग्राम 90 मिलिसेकंद थांबतो, म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत, आणि जोडणी तोडतो. लहान फाइली व्यवस्थित जातात, त्यामुळे लक्षात यायलाही वेळ लागतो.

याला गिटकडे उत्तर नाही, कारण गिट मजकूर पाहतं, अर्थ पाहत नाही. उत्तर चाचणीत आहे. प्रत्येक पॅचबरोबर त्याच कमिटमध्ये, तो पॅच नसेल तर पडेल अशी एक चाचणी हवी. रिबेसला एक्झेक हा पर्याय दिला की तो प्रत्येक कमिट चढवल्यावर चाचण्या चालवतो आणि पहिली पडली तिथेच थांबतो. कुठल्या नाण्याखाली खडा आहे ते लगेच कळतं.

कारण लिहून ठेवा, आणि वर पाठवा

कमिटच्या संदेशात काय बदललं हे लिहायची फारशी गरज नसते, ते पॅचमध्ये दिसतंच. का बदललं ते लिहा. अपस्ट्रीमला कळवलं का, कळवलं तर त्यांचं काय म्हणणं पडलं, आणि कुठली गोष्ट घडली की हा पॅच टाकून देता येईल, हेही लिहा. डेबियन या लिनक्स वितरणात हजारो सॉफ्टवेअर पॅकेजांवर असे पॅच सांभाळतात, आणि पॅचच्या माथ्यावर काय लिहावं याचे संकेत त्यांनी ठरवले आहेत: वर्णन, पॅच आला कुठून, अपस्ट्रीमला पाठवला का, शेवटचा हात कधी लागला. तिथे पॅच गिटच्या कमिटऐवजी सुट्या फाइली म्हणूनही ठेवतात, क्विल्ट नावाच्या साधनाच्या पद्धतीने. एका फोल्डरमध्ये पॅचच्या फाइली आणि सीरीज नावाच्या फाइलीत त्यांचा क्रम. मूळ कोड अवाढव्य असेल आणि तो आपल्या रेपॉझिटरीत (कोडाच्या साठ्यात) आणायचा नसेल तर हीच पद्धत बरी. क्रोमियम ब्राउझरवर उभं असलेलं इलेक्ट्रॉन हे ॲप बनवायचं साधन आपले पॅच असेच फाइलींमध्ये सांभाळतं. चळत तीच, फक्त ठेवण वेगळी.

डेबियनचीच एक घटना प्रत्येक पॅच करणाऱ्याला माहीत असावी. 2006 मध्ये तिथल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या पॅकेजात एक छोटा पॅच गेला. मेमरीतल्या चुका शोधणारं साधन काही ओळींवर तक्रार करत होतं, म्हणून त्या ओळी बंद केल्या गेल्या. त्यातली एक ओळ यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात नवी अनिश्चितता मिसळण्याचं काम करत होती. ती गेल्यावर बदलतं असं जवळजवळ एकच उरलं, प्रोसेसचा क्रमांक, आणि त्याची कमाल मर्यादा 32,768. म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जगात साधारण तेवढ्याच तयार होऊ शकत होत्या, आणि त्या सगळ्या आधीच काढून ठेवता येत होत्या. हे उघड झालं 13 मे 2008 ला. पॅच लहान होता, हेतू चांगला होता, कारणही होतं. पण तो अपस्ट्रीमच्या कोडात कधी गेलाच नाही, त्यामुळे तो कोड आतून ओळखणाऱ्यांच्या नजरेखालून जाणं राहून गेलं.

पॅच वर पाठवायचा तो यासाठी, आणि दुसरं कारण कष्टाचं आहे. आपल्याकडे राहिलेला पॅच दर आवृत्तीला पुन्हा काम मागतो. लिनक्सला काटेकोर वेळेत चालवणारे प्रीएम्प्ट आरटीचे पॅच सुमारे वीस वर्षं मूळ कर्नलच्या बाहेर सांभाळावे लागले. मधल्या काळात त्यांचे तुकडे एकेक करून आत जात राहिले आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 6.12 या आवृत्तीत मुख्य काम पूर्ण आत आलं. इतकी वर्षं ती चळत प्रत्येक नव्या कर्नलवर पुन्हा चढवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सगळंच वर पाठवता येत नाही. काही बदल फक्त आपल्या कामाचे असतात. तेव्हा पॅच बारीक करता येतो का ते पाहा. दोनशे ओळींचा बदल मूळ फाइलीत पेरण्यापेक्षा तो आपल्या नव्या फाइलीत लिहा आणि मूळ फाइलीत फक्त तिला हाक मारणारी एक ओळ घाला. कॉन्फ्लिक्ट आला तरी त्या एका ओळीवरच येईल. त्याहून चांगलं म्हणजे अशी हाक मारण्याची सोय, एखादा हुक किंवा सेटिंग, अपस्ट्रीमलाच सुचवायची. आपला खास बदल ते घेणार नाहीत, पण सर्वांना उपयोगी पडणारी सोय घेण्याची शक्यता बरीच जास्त असते.

परवान्याचंही लक्षात असू द्या. जीपीएल या मुक्त परवान्याखालचं सॉफ्टवेअर बदलून तुम्ही दुसऱ्यांना दिलंत तर बदलांसकट स्रोत कोड त्यांना मिळाला पाहिजे. चळत वेगळी असेल तर हे काही मिनिटांचं काम आहे.

आणि कालवलेलं फोल्डर हातात आलंच तर? अपस्ट्रीमच्या ज्या आवृत्तीशी सगळ्यात कमी फरक निघतो त्या टॅगवरून नवी ब्रांच काढा. त्यावर आपल्या फोल्डरमधल्या फाइली आहेत तशा टाका. आता सगळा फरक गिटला दिसतो. गिट ॲडला पॅच हा पर्याय दिला की तो फरक तुकड्या-तुकड्याने समोर येतो. एका कारणाचे तुकडे एकत्र निवडा, कमिट करा, कारण लिहा. मग पुढचे. चुकून राहिलेले आणि निरर्थक तुकडे टाकून द्या.

माझ्या त्या लायब्ररीच्या चळतीत शेवटी अकरा पॅच उरले. त्यातल्या तिघांच्या संदेशात मला "कारण कळलं नाही" एवढंच लिहिता आलं. पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्या तिघांतला एक बाजूला काढून चाचण्या चालवल्या. एक पडली: तारखेच्या जागी रिकामी ओळ असलेली फाइल वाचताना प्रोग्राम कोसळत होता. पॅच परत ठेवला, आणि त्याच्या संदेशातली ती ओळ खोडून खरं कारण लिहिलं.